कलम दोनमधला मजकूर

“समोरच्याला फुकट काही द्यायचं नाही,” असं म्हणत तात्यांनी सख्ख्या बहिणीनं लावलेल्या दाव्याचं समन्स टेबलावरून माझ्याकडं सरकवलं. “तिला घरात हिस्सा हवाय. वाच, आणि कैफियतीच्या तयारीला लाग.”

मी दाव्याची नक्कल वाचली. वादी मालती शिराळकर, वय अठ्ठावन्न, निवृत्त शिक्षिका, विधवा, राहणार सांगली. प्रतिवादी भास्कर रामचंद्र रेठरेकर, वय सहासष्ट, धंदा वकिली, राहणार कऱ्हाड. वडिलांच्या घरात निम्मा हिस्सा वाटून मिळावा, आणि तो देताना रस्त्याकडची, स्वतंत्र दार असलेली तळमजल्यावरची खोली वादीला द्यावी.

ती खोली म्हणजे आम्ही दोघं बसलो होतो ती. तात्यांचं ऑफिस.

“बरोबर नेम धरलाय,” मी म्हणालो.

“मग? रेठरेकराचीच ना ती.” तात्या कुजकं हसले. “चाळीस वर्षं या खोलीत बसून मी गावाच्या वाटण्या केल्या. आता हिला इथं चूल मांडायचीय. हे बघ सुहास, हा दावा एकदा निकालात निघू दे. ही खोली मी तुला भाडेपट्ट्यानं लिहून देतो. बाहेरच्या पाटीवर माझ्या खाली तुझं नाव. पेंटरला आजच सांग हवं तर.”

मी त्याच दिवशी सांगितलं. लपवायचं कशाला? अकरा वर्षं मी तात्यांचा ज्युनिअर होतो. गावाकडच्या सोसायटीतल्या मारुती डुबल नावाच्या शिपायाचा मुलगा, आणि कऱ्हाडातल्या दिवाणी कामातल्या सगळ्यात भारी वकिलाच्या ऑफिसात डाव्या हाताच्या खुर्चीत. तात्यांना मूलबाळ नव्हतं, काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा डावा पाय ओढत होता आणि कोर्टात मी एकटाच जात होतो. पक्षकारही आता “डुबल वकील आहेत का?” असं विचारत यायला लागले होते. त्या पाटीवर माझं नाव लागलं असतं, तर माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसता आणि बाररूममधल्या निम्म्या लोकांच्या पोटात दुखलं असतं. मला दोन्ही हवं होतं.

“बचाव काय घ्यायचा?” मी विचारलं.

“सरळ लिही. लग्नात तिनं सोनं घेतलं, आणि बाबांच्या देखत म्हणाली की मला घरातलं काही नको. तोंडी हक्क सोडला.”

“तात्या, नोंदवलेल्या दस्ताशिवाय हक्कसोड चालत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“मग तू कशाला आहेस?” ते खेकसले. “तू शोध काहीतरी.”

मी शोधलं.

काय शोधलं ते सांगण्याआधी आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. दाव्याला जे उत्तर देतात ती कैफियत. दाव्यातलं एकेक कलम घ्यायचं आणि पुढं लिहायचं, ‘सदर कलमातील मजकूर साफ खोटा व लबाडीचा असून तो प्रतिवादीस कबूल नाही.’ सूर्य पूर्वेला उगवतो असं वादीनं लिहिलं असेल, तरी तेही कबूल नाही. मग वादी बसतो सूर्य शाबीत करत. जो वकील चांगला नाकारतो तो चांगला वकील, आणि मी फार चांगला नाकारायचो. तात्या स्वतः म्हणायचे, “सुहासनं नाकारलं की खऱ्या माणसालाही आपण खोटे आहोत असं वाटायला लागतं.” हे कौतुक होतं. मी ते घरी आईला सांगितलं होतं.

मालतीबाईंच्या दाव्यातलं कलम दोन असं होतं: ‘वादी ही मयत रामचंद्र रेठरेकर यांची मुलगी व प्रतिवादीची सख्खी बहीण आहे.’

तिथं माझा हात थांबला, आणि नेमका तिथंच मला रस्ता दिसला. कारण एक गोष्ट मला माहीत होती. मालूआत्या, म्हणजे मी त्यांना आत्याच म्हणायचो, चार वर्षांच्या असताना त्यांच्या आईला क्षय झाला आणि त्यांना सांगलीच्या मावशीकडं ठेवलं. आई वर्षभरात गेली. मुलगी तिकडंच वाढली, तिकडंच शिकली, तिकडूनच तिचं लग्न झालं. हे सगळं मला आत्यांनीच एकदा करंज्या वाढता वाढता सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेलो. त्यांची जुनी शाळा शोधली. तिथल्या कारकुनाला चहा पाजला आणि रजिस्टर काढायला लावलं. एकोणीसशे सेहेचाळीस सालची नोंद: मालती गोविंद सांगवडेकर. वडिलांचं नाव गोविंद. जात, जन्मतारीख, सगळं व्यवस्थित. मावशीच्या यजमानांनी शाळेत घालताना सरळ स्वतःचं नाव लावून टाकलं होतं. मी शाळेच्या पायऱ्यांवर उभा राहून तो दाखला तीनदा वाचला. लॉटरी लागलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला तेव्हा कळलं, कारण कारकून माझ्याकडं बघून म्हणाला, “काय वकीलसाहेब, चांगली बातमी दिसतीय.”

कैफियत टाइप केली. कलम दोनमधील मजकूर साफ खोटा व लबाडीचा आहे. वादी ही मयत रामचंद्र रेठरेकर यांची मुलगी असल्याचे प्रतिवादीस कबूल नाही. वादीचा रेठरेकर कुटुंबाशी काहीएक संबंध नाही. मग तात्यांची तोंडी हक्कसोडही खाली कुठंतरी घातली.

सहीसाठी कागद तात्यांपुढं ठेवले. कैफियतीच्या शेवटी प्रतिवादीनं सत्यापन करायचं असतं, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणं खरा आहे.

“वाचून दाखवू?” मी विचारलं.

“तू लिहिलंयस ना? मग काय वाचायचं.” त्यांनी चष्मासुद्धा घातला नाही. “बोट ठेव कुठं करायची ते.”

मी बोट ठेवलं. दाखल्याबद्दल बोललो नाही. उलटतपासात साक्षीदाराला दाखवायचा कागद आधी दाखल करावा लागत नाही, म्हणून तो मी खिशात ठेवला होता. समोरच्यासाठी आणि तात्यांसाठीही. त्यांना कोर्टातच दाखवायचा होता. पोरगं पहिल्या नंबरनं पास झाल्यावर निकालपत्रक मागं लपवून घरात शिरतं ना, तसं माझं झालं होतं.

वादीचे वकील मोहिते होते. सज्जन माणूस, म्हणजे आमच्या धंद्यात निरुपयोगी. कैफियतीची नक्कल घेताना ते म्हणाले, “डुबल, हे कलम दोनचं काय हो? अख्ख्या गावाला माहीत आहे.”

“मग शाबीत करायला काय हरकत आहे?”

“अहो, तुम्ही सगळेच लिहिता तसं. मी बाईंना सांगतो, मनावर घेऊ नका, ही वकिली भाषा असते.”

“सांगा,” मी म्हणालो.

त्या दिवाळीला मालूआत्या भाऊबिजेला आल्या नाहीत.

दरवर्षी यायच्या. सकाळच्या एसटीनं, पितळी डबा घेऊन. ऑफिसातलंच टेबल बाजूला सरकवायचं, दोन पाट मांडायचे, एक तात्यांचा आणि एक माझा. मला बहीण नाही. पहिल्या वर्षी मी उठून बाहेर निघालो होतो तर आत्या म्हणाल्या, “तू कुठं चाललास? बस. तुला कोण ओवाळणार मग?” तात्या हसले, “अगं, आत्या कुठं भाच्याला ओवाळते का?” त्या म्हणाल्या, “तुझे कायदे कोर्टात.” तेव्हापासून दरवर्षी दोन पाट.

त्या वर्षीही तात्यांनी पाट मांडून ठेवले होते. लंगडत लंगडत स्वतः. बारा वाजले, दोन वाजले. मग त्यांनी पायानंच पाट भिंतीकडं ढकलला.

“आली नाही. बघितलंस? दावा लावला तरी मी वाट बघत बसलो होतो. कोर्टातलं कोर्टात. पण तिला आता हिस्सा मिळणार ना, मग भावाची गरज काय? माणूस पैशाला बघून बदलतो म्हणतात ते खोटं नाही.”

त्या का आल्या नाहीत ते मला माहीत होतं. मी म्हणालो, “जाऊ द्या तात्या. उलटतपासात बघू.”

“चांगली सोल तिला,” तात्या म्हणाले. राग खरा होता त्यांचा. “माझी बहीण आहे म्हणून दया दाखवू नको.”

पुढच्या वर्षी एप्रिलात साक्ष लागली. तात्या म्हणाले, मी येणार. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते काळा कोट घालून निघाले. मी रिक्षातून आधार देऊन उतरवलं. बाररूममधले लोक उठून उभे राहिले. “आज शिष्याचा उलटतपास ऐकायला आलोय,” ते सगळ्यांना सांगत होते. ते मागच्या बाकावर बसले, काठी गुडघ्यांत धरून.

मालूआत्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. पांढऱ्या काठाची साडी, हातात रुमाल. तात्यांकडं त्यांनी पाहिलंच नाही. मोहित्यांनी सरतपास दहा मिनिटांत आटोपला. बाबा अमुक साली वारले, घर त्यांचं, मी मुलगी, हिस्सा मागितला, दिला नाही. खाली बसले.

मी उठलो.

“तुमचा जन्म कुठला?”

“इथलाच. त्याच घरातला.”

“जन्माच्या नोंदीचा उतारा?”

“त्या वेळी कोण करत होतं नोंदी, सुहास?”

“बाई,” जज्जसाहेब म्हणाले, “वकिलांना नावानं हाक मारू नका.”

“बरं.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “नाही उतारा, वकीलसाहेब.”

“शिक्षण कुठं झालं?”

“सांगलीला.”

“शाळेत तुमच्या वडिलांचं नाव काय लावलं होतं?”

मोहित्यांनी मान वर केली. मी खिशातून दाखला काढला, एक प्रत मोहित्यांकडं टाकली आणि एक साक्षीदाराच्या हातात दिली. मागच्या बाकावर तात्या किंचित पुढं झुकलेले मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले. माझ्या अंगात बळ आलं.

“हा दाखला तुमचाच आहे?”

“हो.”

“वडिलांच्या जागी कोणाचं नाव आहे? मोठ्यानं वाचा.”

“गोविंद सांगवडेकर. ते माझे काका. म्हणजे मावशीचे यजमान. त्यांनी...”

“मी नातं विचारलं नाही. नाव विचारलं.”

“गोविंद सांगवडेकर.”

“तुमचं कन्यादान कोणी केलं?”

“मावशी आणि काकांनी.”

“म्हणजे रामचंद्र रेठरेकरांनी केलं नाही.”

“बाबांना तेव्हा बरं नव्हतं, ते खुर्चीत...”

“केलं की नाही केलं? हो किंवा नाही.”

“नाही.”

“रामचंद्र रेठरेकरांच्या रेशनकार्डावर तुमचं नाव होतं?”

“नाही.”

“त्यांनी तुम्हाला मुलगी म्हणून लिहिलेलं एक पत्र? एक पावती? एक चिठ्ठी?”

“बाबा पत्र लिहीत नसत. काकांना निरोप पाठवायचे.”

“म्हणजे नाही.”

“कागद नाही.”

जज्जसाहेब टायपिस्टला सांगत होते, ‘माझ्याकडे याबाबत कोणताही कागद नाही.’ दारात वकिलांची गर्दी झाली होती. एवढी सरळ साक्ष मी त्याआधी कधी कापली नव्हती. आता राहिलं होतं शेवटचं. उलटतपासाच्या अखेरीस आपली बाजू साक्षीदाराच्या तोंडावर सांगायची असते, त्यानं ती नाकारायची असते. साधा रिवाज. दिवसातून दहा वेळा करतो आम्ही.

“मी तुम्हाला सुचवतो की तुमचा रेठरेकर घराण्याशी रक्ताचा काहीएक संबंध नाही. घराच्या लोभानं तुम्ही मुलगी असल्याचं सोंग घेऊन आला आहात.”

‘हे म्हणणे खरे नाही,’ एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. मोहित्यांनी शिकवलंही असेल. माझ्या खांद्यावरून आत्यांनी मागं बघितलं.

“दादा,” त्या म्हणाल्या, “मी चार वर्षांची होते. सर्व्हिस मोटारीत बसवताना तू खिडकीतून माझ्या हातात रेवड्या दिल्यास आणि म्हणालास, आठ दिवसांनी न्यायला येतो. मी रोज संध्याकाळी मावशीच्या उंबऱ्यावर बसायचे. आठ दिवस झाले, मग मी परत एकपासून मोजायला लागले. एवढ्या वर्षांत मी तुला कधी विचारलं का, की का आला नाहीस? आज विचारते. मी तेव्हापासूनच तुमची नव्हते का रे? तेवढं सांग, मग खोली राहू दे.”

“बाई, वकिलांच्या प्रश्नाचं उत्तर द्या,” जज्जसाहेब म्हणाले. पण आवाज खाली आला होता त्यांचा.

मागं काठी आपटल्याचा आवाज झाला. तात्या उभे होते.

“साहेब, एक मिनिट.”

“रेठरेकर वकीलसाहेब, आपण इथं पक्षकार आहात. आपले वकील बोलतील.”

“कसला मजकूर आहे तो? कोण म्हणालं हिचा संबंध नाही?”

“तुमच्या कैफियतीत आहे. कलम दोन. खाली तुमची सही आहे.” जज्जसाहेबांनी फाइल उलटून बघितली. “सत्यापन केलंय तुम्ही.”

तात्यांचा चेहरा मी त्याआधी दोनदाच तसा पाहिला होता. काकू गेल्या तेव्हा, आणि झटका आला तेव्हा.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “ही माझी सख्खी बहीण आहे. माझ्या आईच्या पोटची. मी बारा वर्षांचा होतो, हिला मी खेळवली आहे.”

आणि मी काय केलं? मी वळून म्हणालो, “तात्या, तुम्ही बसा, मी बघतो.” मग जज्जसाहेबांकडं तोंड करून, “साहेब, पक्षकाराची प्रकृती ठीक नाही. त्यांचं हे विधान शपथेवर नाही. ते रेकॉर्डवर घेऊ नये अशी माझी हरकत आहे.”

दारातून कुणीतरी हसलं. जज्जसाहेब चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. “डुबल,” ते म्हणाले, “तुम्ही कुणाचे वकील आहात?”

“प्रतिवादीचा.”

“आता नाही,” तात्या म्हणाले. “याचं वकीलपत्र मी काढून घेतो.”

पुढचं सगळं गावाला ठाऊक आहे. महिन्याच्या आत तडजोड झाली. घर निम्मं निम्मं, आणि रस्त्याकडची खोली मालूआत्यांना. तात्यांनी वकिलीची सनद बार कौन्सिलकडं परत पाठवली. मी एसटी स्टँडसमोर एका गाळ्यात टेबल टाकलं, आणि माझं अजिबात वाईट झालं नाही, हे ज्यांना ऐकवायचं त्यांना ऐकवून ठेवतो. आजही अवघड साक्षीदार असला की चार तालुक्यांतले लोक माझ्याकडं येतात. तडजोड करायची असली की दुसऱ्याकडं जातात. माझ्याकडं ज्युनिअर टिकत नाही. आत्तापर्यंत नऊ झाले, एकानंही दोन वर्षं काढली नाहीत. पोरांना कष्ट नकोत हल्ली, असं मी म्हणतो.

पण मला सांगायचीय ती त्याच दिवशीची संध्याकाळ. साडेपाचला मी ऑफिसात गेलो. तात्या कोट न काढता त्यांच्या खुर्चीत बसले होते. पुढ्यात कैफियतीची ऑफिसप्रत होती. आज चष्मा घातला होता.

“बस,” ते म्हणाले.

मी माझ्या नेहमीच्या खुर्चीकडं गेलो, तर काठीनं त्यांनी समोरची दाखवली. पक्षकारांची.

“तू तिला भाऊबिजेच्या आधी ही नक्कल दिलीस.”

“मोहित्यांना दिली. रीतसर.”

“मी पाट मांडून बसलो होतो, आणि तू समोर बसून मला जाऊ द्या म्हणालास.”

आता इथं एखादा शहाणा माणूस चुकलो म्हणाला असता. पाय धरले असते, रडला असता. मला ते सुचलंच नाही. माझ्यावर आरोप होत होता, आणि आरोप झाला की मला एकच गोष्ट येते.

“तात्या, मी तीन गोष्टी विचारतो,” मी म्हणालो. “समोरच्याला फुकट काही द्यायचं नाही, हे तुमचे शब्द. बरोबर?”

तात्या म्हणाले, “बरोबर.”

“वाचून दाखवू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात.”

“बरोबर.”

“बहीण आहे म्हणून दया दाखवू नको, हेही तुम्हीच म्हणालात. याच खोलीत.”

“बरोबर.”

“मग चूक कुणाची?”

बोलून मी मागं टेकलो. मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. समोरच्याच्या तोंडून तीन वेळा ‘बरोबर’ काढलं की मला बरं वाटतं. त्यातला समोरचा कोण आहे ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

“चूक माझी,” तात्या म्हणाले. “मी न वाचता सही केली. त्याची शिक्षा मला आज चारचौघांत झाली, आणि ती कमीच झाली. झाला तुझा उलटतपास?”

“झाला.”

“मग आता मी विचारतो.” त्यांनी चष्मा नीट केला, पेनाचं टोपण काढलं आणि कलम दोनच्या शेजारी समासात पेन टेकवून धरलं, जज्ज साक्ष लिहून घेतात तसं. “अकरा वर्षं भाऊबिजेला या खोलीत दोन पाट मांडले जायचे. एकावर मी. दुसऱ्यावर कोण?”

“मी.”

“ओवाळत कोण होतं?”

“मालूआत्या.”

“आत्या का म्हणायचास?”

उत्तरासाठी ते थांबले नाहीत.

“हे कलम दोन तू टाइप करत होतास. साफ खोटा, लबाडीचा, काहीएक संबंध नाही. त्या वेळी ती माझी बहीण आहे, हे तुला माहीत होतं की नव्हतं? हो किंवा नाही.”

बाहेर रस्त्यावर पेंटरचा टेम्पो येऊन थांबल्याचं मला दिसलं. पाटी आजच आणायला मीच सांगितलं होतं, निकालाच्या खात्रीनं. दारातून तो पाटी कुठं ठेवू म्हणून खुणेनं विचारत होता. कागदात गुंडाळलेली, तात्यांचं नाव वर आणि माझं खाली.

हो म्हणालो असतो, तर मी जाणूनबुजून खोटं लिहिलं असं झालं असतं. नाही म्हणालो असतो, तर या खोलीतल्या भिंतींनीसुद्धा मला हाकलून दिलं असतं. दोन्ही बाजूंनी अडकलेला साक्षीदार काय म्हणतो ते मी शंभर वेळा ऐकलं होतं. तो ते म्हणाला की मी जज्जसाहेबांकडं बघून हसायचो.

“आता मला नक्की आठवत नाही,” मी म्हणालो.

तात्या हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य समासात लिहिलं, अक्षर अन् अक्षर, उजव्या हातानं सावकाश. मग कागद माझ्याकडं फिरवला आणि पेन पुढं केलं.

“वाचून बघ,” ते म्हणाले. “मी वाचलं नव्हतं, तू वाच. बरोबर लिहिलं असेल तर सही कर. आणि मग साक्षीदारानं जायला हरकत नाही.”

मी वाचलं. दोनदा वाचलं. मी म्हणालो होतो तसंच लिहिलं होतं, नाकारायला कुठं जागा नव्हती. मी खाली सही केली, पूर्ण नावानं: सुहास मारुती डुबल, वकील. मग बाहेर जाऊन पेंटरला सांगितलं की पाटी परत ने.